जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? मग सुरुवात विंडोजमध्येच करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, लॅपटॉप तर नीट चालतोय पण विंडोज ११ घेत नाही, आता काय भंगारात द्यायचा का? अजिबात नको. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून ते अडतंय, तुमच्या मशीनला काही झालेलं नाही. त्याच मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची लिनक्सवरची सिस्टीम, छान चालतं, फुकट आहे, अपडेट येत राहतात. फक्त एक गोष्ट मी सगळ्यांना अगदी हट्टाने सांगते की आधी ॲप्स बदला, सिस्टीम सगळ्यात शेवटी बदला.

कारण काय होतं, लोक रविवारी उत्साहात लिनक्स टाकतात आणि सोमवारी ऑफिसची फाइल उघडायची असते, मराठीत पत्र टाइप करायचं असतं, प्रिंट काढायची असते, आणि सगळंच एकदम नवीन असल्यामुळे कुठे काय आहे ते कळत नाही, मग वैतागून परत विंडोज. त्यापेक्षा फायरफॉक्स (ब्राउझर), व्हीएलसी (व्हिडिओ बघायला), लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी) हे तिन्ही आत्ताच विंडोजवर टाका आणि महिनाभर तेच वापरा. लिनक्सवर गेल्यावर हेच तिन्ही तिथेही मिळतात, जवळजवळ तसेच.

लिब्रेऑफिसमध्ये दोन सेटिंग पहिल्याच दिवशी करून टाका. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लोड/सेव्ह, त्यात जनरल, तिथे वर्डसाठी डॉकएक्स आणि एक्सेलसाठी एक्सएलएसएक्स निवडा, म्हणजे तुम्ही पाठवलेली फाइल समोरच्याकडे नेहमीसारखी उघडेल. दुसरं मराठीचं, आणि हे फार कमी लोक सांगतात. लिब्रेऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणजे सीटीएल या गटात धरतं आणि त्याचा फॉन्ट नि साइज इंग्रजीपासून वेगळी ठेवतं. म्हणून कधीकधी इंग्रजी एका साइजचं आणि मराठी भलत्याच साइजचं दिसतं आणि माणूस डोकं धरून बसतो. त्याच ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर सीटीएलला मराठी निवडा, मग रायटरच्या खाली 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' मध्ये जाऊन तुमचा फॉन्ट आणि साइज ठरवून द्या. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता घ्या, ओपन लायसन्सचा म्हणजे कुणालाही मोकळेपणाने वापरता येणारा आहे, छापूनही फार सुरेख दिसतो.

आता जुन्या फाइल्स. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं जे काही असेल, म्हणजे सोसायटीचे ठराव, लग्नपत्रिका, आजोबांच्या आठवणी, ते दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसतं कारण त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे कोड असतात आणि वरून फक्त मराठी आकार दिसतो. जुना लॅपटॉप अजून विंडोजवर आहे तोवरच हे सगळं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा कोडमध्ये, करून घ्या, आणि करताना प्रत्येक फाइलची एक पीडीएफ पण काढून ठेवा, कारण कन्व्हर्टरमधून जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात आणि मग ताडून बघायला मूळ काहीतरी लागतंच.

आता लिनक्सवर अडणाऱ्या गोष्टी तपासा. दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल, डिजिटल सहीचं डोंगल लागत असेल किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर ते एक मशीन विंडोजवरच राहू द्या, उगाच ओढाताण करू नका. प्रिंटरचं बघून घ्या, एचपीचे बरेचसे प्रिंटर लावले की चालतात, पण कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या जुन्या लेझर प्रिंटरला ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, बरीच खटपट करावी लागते.

महिन्याभराने मग पेनड्राइव्ह घ्या, ८ जीबीचा पुरतो, त्यातलं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. लिनक्स मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल, उतरवा. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. विंडोजवर रूफस नावाचं छोटं ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) टूल आहे, त्याने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप बंद करून चालू करताना डेल, लेनोवोला एफ१२ आणि एचपीला एफ९ दाबत राहा, पेनड्राइव्ह निवडा, की काही इन्स्टॉल न करता मिंट थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं. हा भाग घाईने उरकू नका, इथेच खरी परीक्षा आहे. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, ब्लूटूथ, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून उघडल्यावर जागं होतंय का, सगळं बघा. वायफाय नाहीच लागलं तर फोन यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायचा ड्रायव्हर मिळतोय का बघा.

सगळं ठीक वाटलं की बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, तो उघडून बघा, आणि मगच इन्स्टॉल करा. विंडोज ठेवायचं असेल तर शेजारी टाकायचा पर्याय मिळतो, मशीन पूर्ण लिनक्सला द्यायचं असेल तर डिस्क पुसायचा. आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर इन्स्टॉल करायच्या आधी साधी साटा एसएसडी बसवून घ्या, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. इन्स्टॉल झालं की पहिलं काम टाइमशिफ्ट चालू करणं, ते मिंटमध्ये आधीच असतं, एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या दिवसावर नेता येते. तुमच्या फाइल्सचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळाच.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवा, 'मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट' निवडा. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड, तो शिकायला आठवडा दोन आठवडे जातात पण मग हात असा बसतो की दुसरं काही नको वाटतं. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला तो अर्धा र लोकांना सापडत नाही, तर शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग पुढचं अक्षर, झालं. ळ हवा असेल तर शिफ्ट आणि एन. ज्यांना इंग्रजी अक्षरांतूनच मराठी उमटवायची सवय आहे त्यांनी आयबस (लिनक्सवर भाषा टाइप करायचं साधन) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकावं, त्यात मराठी फोनेटिक मिळतं.

अँड्रॉइड फोनचं काम सोपं आहे. एफ-ड्रॉइड नावाचं ॲप स्टोअर त्यांच्या साइटवरून उतरवा, ब्राउझरला अनोळखी ॲप टाकायची परवानगी तेवढ्यापुरती द्या आणि झालं की काढून घ्या. तिथे फक्त ओपन सोर्स ॲप्स असतात आणि एखाद्यात नको असलेली भानगड असेल तर तसा इशारा पानावरच लिहिलेला असतो, मला हे फार आवडतं. कीबोर्डसाठी हेलीबोर्ड घ्या, मराठी आहे आणि ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे तुम्ही काय टाइप करता ते कुठे जायचा प्रश्नच नाही. सह्याद्रीत फिरत असाल तर ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्राचा नकाशा घरूनच उतरवून न्या, रेंज नसली तरी चालतो. फोनवरून लॅपटॉपवर फोटो पाठवायला लोकलसेंड, दोन्हीकडे टाका, एकाच वायफायवर असलं की बास. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स मात्र प्ले स्टोअरवरूनच घ्या.

शिकताना अडलात तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल बघा, लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, थांबवत थांबवत सोबत करत जायचं. आणि लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत लावल्यावर एखादा शब्द चुकीचा किंवा अवघडलेला वाटला तर गप्प बसू नका, त्यांचं भाषांतर वेबलेट नावाच्या ऑनलाइन भाषांतराच्या साधनावर उघड्यावर चालतं, खातं काढून तुम्ही स्वतः योग्य शब्द सुचवू शकता.