तेलाच्या पाइपलाइनमध्ये पाणी नेमके कुठे आहे, हे कसे ओळखावे

मुंबई हायचे कच्चे तेल १९७०च्या दशकापासून समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून उरणला येते. कुठल्याही तेलक्षेत्रात तेलाबरोबर खारे पाणी वर येतेच, आणि क्षेत्र जुने होत जाते तसे त्याचे प्रमाण वाढते. अहवालात ‘पाणी २ टक्के’ असे वाचून नवा अभियंता निर्धास्त होतो. परंतु ते २ टक्के पाणी थेंबाथेंबाने तेलाबरोबर पुढे जात आहे की तळाशी वेगळा थर करून पडून आहे, यावर पाइपचे आयुष्य ठरते, कारण तळाशी साचलेले पाणी पाइप गंजवते.

म्हणून प्रथम वेग काढावा. २० इंची पाइपचा आतला व्यास ०.४९ मीटर धरल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९ चौरस मीटर येते. दिवसाला १०,००० घनमीटर तेल जात असेल तर सरासरी वेग सेकंदाला ०.६१ मीटर पडतो, आणि उत्पादन निम्म्यावर आले की ०.३१. हलक्या तेलाबाबतचा ढोबळ ठोकताळा असा, की सेकंदाला १ मीटरच्या वर थोडेफार पाणी वाहून नेले जाते, आणि अर्ध्या मीटरच्या खाली ते तळाला बसू लागते. येथे केवळ रेनॉल्ड्स अंकावर (प्रवाह संथ आहे की खळबळता, हे सांगणाऱ्या अंकावर) विसंबू नये. तेलाची घनता ८५० किलो प्रति घनमीटर आणि श्यानता, म्हणजे दाटपणा, १० सेंटिपॉइज धरली, तर निम्म्या वेगालाही तो अंक १२,०००च्या वर भरतो, म्हणजे प्रवाह खळबळता असतो. मात्र तेवढी खळबळ मोठे थेंब उचलून धरायला पुरत नाही. अशा तेलात १ मिलिमीटरचा थेंब स्टोक्सच्या सूत्राप्रमाणे मिनिटभरात तळ गाठतो, तर ०.१ मिलिमीटरच्या थेंबाला सुमारे दीड तास लागतो. पंप आणि व्हॉल्व्ह थेंब बारीक करतात, हे पाइपलाइनच्या सोयीचे असले तरी पुढे टाकीत पाणी वेगळे काढणाऱ्यांसाठी तेच थेंब डोकेदुखी होतात.

नमुना आडव्या पाइपच्या तळाच्या कॉकमधून घेतला तर पाणी फाजील दिसेल, वरच्या कॉकमधून घेतला तर दिसणारच नाही. तो उभ्या भागातून, प्रवाह नीट मिसळल्यानंतर घ्यावा. १०० मिलिलिटरच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत तो भरून, झाकण लावून, सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात उभा ठेवावा. काही वेळाने तळाशी पाणी, वर काळे तेल आणि त्या दोहोंमध्ये चॉकलेटी रंगाचा, सायीसारखा जाड पट्टा दिसतो. हा पट्टा म्हणजे इमल्शन, तेल आणि पाण्याचे सहज वेगळे न होणारे मिश्रण. अस्फाल्टीन (कच्च्या तेलातले डांबरासारखे जड घटक), मेण आणि गंजाचे बारीक कण थेंबांभोवती कवच धरतात, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. दुसऱ्या नळीत पाणी वेगळे करणारे रसायन अगदी अल्प प्रमाणात घालून पट्टा किती लवकर मोडतो, हे शेजारी ठेवून पाहावे.

पाणी वाढत जाते तसे मिश्रण दाट होत जाते, आणि एका टप्प्यावर अचानक उलटते. सायीत पाण्यात स्निग्धांशाचे कण असतात, घुसळल्यावर लोण्यात मात्र स्निग्धांशात पाण्याचे थेंब अडकतात. येथे तोच प्रकार उलट दिशेने होतो: आधी तेलात पाण्याचे थेंब असतात, नंतर पाण्यात तेलाचे. बहुधा ३० ते ७० टक्के पाण्याच्या दरम्यान हा टप्पा येतो, आणि श्यानता त्याच सुमारास सर्वाधिक असते. प्रवाह तेवढाच असून पंपाचा दाब चढत असेल, तर पाइपमध्ये साचलेल्या मेणावर खापर फोडण्याआधी पाण्याचे प्रमाण तपासावे.

यानंतर पाइपलाइनचा उंचसखल नकाशा काढून चढ सुरू होण्याआधीच्या सखल जागांवर खुणा कराव्यात, कारण पाणी तेथेच साचते. अलास्कातील प्रुडो बे येथे मार्च २००६ मध्ये ३४ इंची पाइपलाइनमधून सुमारे २ लाख गॅलन तेल सांडले, ते तळाशी गंजून पडलेल्या एका लहानशा छिद्रातून. प्रवाह मंद होता, तळाशी गाळ साचला होता आणि त्या पाइपलाइनमध्ये १९९८ नंतर सफाईचा पिग (प्रवाहाच्या दाबाने पाइपच्या आतून ढकलला जाणारा बोळा) फिरला नव्हता.

पिग बाहेर आला की त्याच्यापुढे किती पाणी आणि काळा चिखल निघाला, हे प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहावे. प्रमाण मागच्यापेक्षा वाढले असल्यास पुढचा पिग ठरल्या तारखेआधीच सोडावा.