नातं तुटत चाललंय अशी कविता समोर आली की प्रतिमा वाचताना या चुका टाळा

माझ्याकडे दादरला बारावीची मुलं मराठीला येतात. रसग्रहणाला दुरावलेल्या जोडप्याची कविता आली की सगळ्यांचं उत्तर सारखंच, पाऊस म्हणजे अश्रू, काळोख म्हणजे दुःख, रिकामी खुर्ची म्हणजे विरह. अगदीच चूक नाही, पण हे उत्तर कुठल्याही कवितेला चिकटतं, समोरची कविता त्यात कुठेच नसते.

उदाहरणाला मीच चार ओळी लिहून देते:

दोन कप पालथे ओट्यावर
एकाखालीच ओल
भिंतीला पोपडे जुलैपासून
तू म्हणतोस, दिवाळीला रंग काढू

आता मुलं काय लिहितात, तर ‘पालथा कप म्हणजे प्रेम संपलं’. अरे, धुतलेले कप आपण रोजच पालथे घालतो की! बघायचंय ते दुसऱ्या ओळीत. ओल एकाखालीच आहे, म्हणजे आज चहा एकानेच घेतलाय आणि दुसरा कप कोरडाच पडलाय, कुणी उचलून फडताळातसुद्धा ठेवलेला नाही. एकटेपणा हा शब्द कुठेच नाही तरी तो दिसतो. त्या ‘च’वर बोट ठेवलंत ना, तर अर्धं उत्तर तिथेच झालं.

प्रतिमा आणि प्रतीक यातही घोळ होतो. प्रतिमा काहीतरी दाखवते, ऐकवते, हाताला जाणवून देते, प्रतीक त्याच्या पलीकडचा अर्थ सुचवतं. एकच वस्तू दोन्ही असू शकते, पण आधी ती वस्तू म्हणून नीट बघा. तसंच ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे असं कल्पणारा अलंकार) लिहून मोकळं होऊ नका, कशाला काय म्हटलंय आणि तेच का, हे लिहा.

पोपड्यांवर दिवाळीला रंग काढायची ओळ बऱ्याच जणांना आशेची वाटते. पण मुंबईत राहणाऱ्याला माहितीये, गळती न काढता वरून रंग मारला की पुढच्या पावसात भिंत परत फुगते. मला त्यात टाळाटाळ दिसते, पण तो दिवाळीपर्यंत आपण एकत्र असू हे धरून चाललाय, तेही खरंच, मग दोन्ही लिहा.

दुसऱ्या एखाद्या कवितेत ओहोटी आली तर ती म्हणजे सरळ शेवट, असंही धरू नका. चौपाटीवर उभं राहून बघा, साधारण सव्वासहा तासांत पाणी परत वर चढतं, त्यामुळे कविता नेमकी कुठल्या क्षणाला थांबलीय ते शोधा, पाणी उतरत असताना की वाळू उघडी पडल्यावर.

अडलात तर एक करा, प्रतिमा काढून तिथे ‘आता आपण बोलत नाही’ असं साधं वाक्य टाका आणि काय गेलं ते लिहा.

गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, टीचर, ओला कप तिचाच कशावरून, तोच लवकर उठून चहा पिऊन, कप विसळून निघून गेला असेल तर? ओळी लिहिताना माझ्या डोक्यातही हे नव्हतं, आणि ओळीत त्याच्या विरुद्ध एक शब्द नाही.