बदलत्या आयपीच्या ऑफिसात बाहेरून शिरण्याआधीची तयारी

घरून किंवा बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचं असेल, तर सगळ्यात आधी ऑफिसच्या राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि 'माझा आयपी' असं ब्राउझरमध्ये शोधल्यावर दिसणारा पत्ता ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर पुढे चला. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे. अशा ठिकाणी पोर्ट फॉरवर्डिंगवर (एखाद्या पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणं) वेळ घालवू नका. इंटरनेट कंपनीकडे पब्लिक आयपी मागा. तो रोज बदलणारा असला तरी चालेल.

पत्ता बदलतो म्हणून डीडीएनएसचं नाव (पत्ता बदलला तरी नव्या पत्त्याकडे वळणारं कायमचं नाव) घ्या, टीटीएल (नावामागचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ६० सेकंदांच्या आसपास ठेवा आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. मग राउटर बंद-चालू करून नाव नव्या पत्त्याकडे वळतं का ते एनएसलुकअप या कमांडने बघा.

आता एक गोष्ट मात्र कुणी कितीही घाई केली तरी करू नका: रिमोट डेस्कटॉपचं (दुरून विंडोज संगणक वापरण्याच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवणं. क्रमांक बदलूनही ते लपत नाही, स्कॅनर सगळीच पोर्टं चाचपतात. २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप त्रुटीतून तर जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. बाहेरून फक्त व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची कूटबद्ध वाट, म्हणजेच टनेल) दिसू द्या. व्हीपीएनसाठी मी वायरगार्डच सुचवेन: ओळखीच्या किल्लीशिवाय (उपकरणाची गुप्त डिजिटल ओळख) आलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे त्याचं यूडीपी ५१८२० पोर्ट स्कॅनरला सहसा सापडत नाही. राउटरचं यूपीएनपी (आतल्या उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) आणि बाहेरून उघडणारं अॅडमिन पानही बंद करा.

वायरगार्डची एक खोड आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. तो डीडीएनएसच्या नावामागचा पत्ता सहसा टनेल सुरू होतानाच शोधतो. मधेच ऑफिसचा आयपी बदलला, तर लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर थडकत राहतो आणि 'कनेक्टेड' दिसूनही एकही फाइल उघडत नाही. टनेल बंद करून परत चालू केला की काम होतं.

ऑफिसचं लॅन (आतलं नेटवर्क) १९२.१६८.१.० वर असेल तर ते १०.३७.२०.० सारख्या कमी वापरातल्या रेंजवर हलवा, कारण घरच्या राउटरचीही बहुधा १९२.१६८.१.० हीच रेंज असते आणि ऑफिसचा प्रिंटर घरातच शोधला जातो. हे किल्ल्या वाटण्याआधी उरका.

चाचणी ऑफिसच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरूनच घ्या. प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्या आणि कुठली कुणाकडे याची नोंद ठेवा. लॅपटॉप हरवला किंवा कुणी नोकरी सोडली, की त्याच दिवशी तेवढीच एक किल्ली काढून टाकता येते.