शिक्षा ठरण्याआधी आपलं म्हणणं न्यायाधीशांपर्यंत पोचवा

बांधावरच्या भांडणात माझा धाकटा भाऊ गेला. आरोपी दोषी ठरला तेव्हा न्यायाधीशांनी त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय? तो म्हणाला, घरी म्हातारी आई आहे. आमची माय मागच्या बाकावर बसून होती. आपल्यालाही बोलता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्याचा कायदा. त्याचं कलम २५८ शिक्षेआधी आरोपीचं ऐकायला लावतं, पीडिताबद्दल त्यात शब्द नाही. पण २०१८ साली मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. मदन लोकूर यांनी लिहिलं, शिक्षा ठरवताना पीडितावर काय परिणाम झाला त्याचं निवेदनही विचारात घ्यावं. कुणी आपणहून विचारील म्हणून थांबू नका, मागा. माणूस गेला असेल तर वारसही कायद्याने पीडितच.

साक्षीपुरावे संपत आले की सरकारी वकिलांना भेटा. स्वतःचा वकील असेल तर कलम ३३८ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने तो लेखी म्हणणं देऊ शकतो. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन लावा. बाईमाणसाला आणि अनुसूचित जाती-जमातींना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता कागदात काय लिहायचं. घटना पुन्हा सांगू नका, ती पुराव्यात आलीय. ‘फाशीच द्या’ हेही नको. घरात काय बदललं ते लिहा. मायला अहिराणीतच बोलू द्या, मग मराठीत उतरवा. आमची माय म्हणते, “आजबी त्यानी भाकर थापस मी.” कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, ती भाकर संध्याकाळी गायीपुढे जाते. हे एक वाक्य पानभर रडगाण्यापेक्षा जड आहे. कापूस वेचायला लावलेली मजुरी, दवाखान्याची बिलं, सोसायटीचं थकलेलं कर्ज, पोराची सुटलेली शाळा, सगळं आकड्यांत आणि पावत्यांसकट द्या. भरपाईच्या मागणीलाही हेच कागद लागतात.

हे आधीच का, तर कलम ४१३ खाली आपल्याला अपील आहे ते आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. शिक्षा कमी सुनावली म्हणून अपील करता येत नाही, ते सरकारच करू शकतं.

कधीकधी दोषी ठरवल्याच्या दिवशीच शिक्षाही सुनावतात. म्हणून सही-अंगठा केलेला कागद निकालाच्या तारखेला पिशवीत असू द्या.