क्लाउडमधली सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडताय? मग या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोलीत जावा, गोकुळ शिरगावात जावा नाहीतर उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये, आता सगळीकडं तेच चित्र आहे. मार्केटिंगचा सीआरएम (ग्राहक आणि ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, अकाउंट्सला टॅली नाहीतर झोहो बुक्स, पेमेंटला गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), हजेरीचं ॲप आणखी तिसरंच. मालकांचं म्हणणं असतं की ऑर्डर एकदा टाकली की सगळीकडं आपोआप गेली पाहिजे, तेच तेच चारदा कोण टाइप करत बसणार, आणि ते बरोबरच आहे.

जोडणं आता फार अवघड राहिलेलं नाही. गडबड होते ती एरर आल्यावर. एरर नीट वाचायच्या ऐवजी लोक सिक्युरिटीच काढून टाकतात. समोरचा सर्व्हर खरा आहे का हे बघणारी सर्टिफिकेट तपासणी बंद, फायरवॉल उघडी, परवानगीचा प्रॉब्लेम आला की थेट ॲडमिनचे सगळे हक्क देऊन मोकळे, आणि मग "झालं बघा चालू". आता चालू तर झालं, पण तुमचे रेट, तुमच्या पार्ट्या, त्यांची येणी हे सगळं उघड्यावर पडलं, आणि ते पुढची कित्येक वर्षं तसंच राहतं कारण चालू असलेल्या गोष्टीला कोण हात लावत नाही.

टॅलीचा ९००० पोर्ट

यानंच सुरुवात करतो कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक हीच आहे. टॅली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालतं, बाहेरच्या सॉफ्टवेअरशी ते एचटीटीपीवरून एक्सएमएलमध्ये बोलतं आणि त्यासाठी सहसा ९००० नंबरचा पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं ठरावीक दार, असतो. सीआरएम क्लाउडवर, टॅली आत, मग जोडायचं कसं? तर कुणीतरी येतो, ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यायला लावतो, राउटरमध्ये ९००० पोर्ट फॉरवर्ड करतो, म्हणजे बाहेरून येणारं थेट टॅलीकडं जाऊ देतो, आणि जातो.

याचा अर्थ असा की जगातल्या कुणालाही तो आयपी सापडला की तो थेट तुमच्या टॅलीशी बोलू शकतो. मधे एन्क्रिप्शन नाही, आणि कंपनी उघडलेली असली की त्या वाटेनं लेजर मागणाऱ्याला वेगळा पासवर्डही विचारला जात नाही. इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळं "आपल्या छोट्या कंपनीकडं कोण बघतंय" हे म्हणण्यात काही अर्थ नाही.

आत्ताच तपासा. मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर ब्राउझर उघडा, ऑफिसचा बाहेरचा आयपी टाकून पुढं कोलन आणि ९००० लिहा. "टॅलीप्राइम सर्व्हर इज रनिंग" अशी ओळ आली तर बाकीचं काम बाजूला ठेवा आणि आधी राउटरमधलं ते फॉरवर्डिंग काढा. ओळ आली नाही तरी राउटरची सेटिंग उघडून बघाच, कारण कधी कधी पोर्टचा नंबर बदलून तोच उद्योग केलेला असतो.

मग जोडायचं कसं? उलट्या बाजूनं. ऑफिसच्या आत एक छोटा कनेक्टर प्रोग्राम बसवायचा, तो आतून बाहेर ४४३ पोर्टवरनं एचटीटीपीएसनं, म्हणजे एन्क्रिप्ट करून, क्लाउडला विचारतो की नवीन ऑर्डर आहे काय, असली तर घेऊन येतो आणि आतल्या आत टॅलीला देतो. बाहेरून आत यायला एकही दार उघडं लागत नाही, स्टॅटिक आयपीचा खर्चसुद्धा वाचतो. ते जमत नसेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरचा कुलूपबंद खाजगी रस्ता), पण उघडा पोर्ट नको म्हणजे नकोच.

कुणाच्या नावानं जोडलंय?

असे फोन येतात:

"सर, कालपासनं ऑर्डरी टॅलीत येईनात झाल्यात, तुम्ही कायतरी बदललं काय?"

"आम्ही काय नाही बदललं. तुमच्यातलं कोण नोकरी सोडून गेलंय काय?"

"हां, मार्केटिंगचा तो पोरगा गेला की, परवाच त्याचं लॉगिन बंद केलं."

कनेक्शन करताना "अलाउ"चं बटण ज्याच्या लॉगिनमधून दाबलं, ते त्याच्या नावानं चालतं. तो माणूस गेला, खातं बंद झालं, कनेक्शन मेलं. यापेक्षा वाईट म्हणजे काही ठिकाणी हे माहीत असतं म्हणून गेलेल्या माणसाचं खातं मुद्दाम चालू ठेवतात, बंद केलं तर सिंक थांबेल ही भीती. म्हणजे जो आता समोरच्या कंपनीत बसलाय त्याला तुमचा सीआरएम उघडा!

इंटिग्रेशनसाठी, म्हणजे या जोडणीसाठी, वेगळा युजर करा. एका लायसनचा खर्च येतो, येऊ दे. त्याला तेवढेच हक्क द्या जेवढे लागतात. ऑर्डर वाचायच्यात तर फक्त ऑर्डर वाचायचा स्कोप (परवानगीची हद्द), सगळ्या मॉड्यूलचा ऑल स्कोप घेऊन ठेवायचं कारणच नाही. त्या युजरचा ईमेलसुद्धा कंपनीच्या डोमेनवरचा हवा, कुणाच्या खाजगी जीमेलवरचा नको, नाहीतर ओटीपी मागितला की सगळे त्याच माणसाला फोन लावत बसतात.

तासाभरानं बंद पडतंय, आठवड्यानं बंद पडतंय

ही तक्रार आली की किती वेळानं बंद पडलं ते आधी विचारा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं. आजकाल बहुतेक कनेक्शन ओऑथ २.० वर (पासवर्ड न देता परवानगी द्यायची पद्धत) चालतात, त्यात दोन टोकन, म्हणजे परवानगीच्या डिजिटल चिठ्ठ्या, असतात. ॲक्सेस टोकन थोडा वेळ चालतं, झोहो आणि गूगलमध्ये साधारण एक तास, आणि रिफ्रेश टोकन हे नवीन ॲक्सेस टोकन आणायला असतं. तर बरोबर तासाभरानं बंद पडत असेल तर तुमच्याकडं रिफ्रेश टोकनच नाहीये, कारण परवानगी मागताना ऑफलाइन ॲक्सेस (माणूस समोर नसतानाही चालणारी परवानगी) मागितलेला नाही. गूगल तर पहिल्या परवानगीच्या वेळीच ते देतं, तेव्हा साठवलं नाही तर पुन्हा संमतीची स्क्रीन दाखवूनच घ्यावं लागतं.

बरोबर ७ दिवसांनी बंद पडतंय आणि समोर गूगल आहे, तर गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये तुमचं ॲप अजून "टेस्टिंग" मध्ये आहे. टेस्टिंगमधल्या ॲपचं रिफ्रेश टोकन ७ दिवसांत संपतं, ॲप प्रॉडक्शनमध्ये न्या. दर सोमवारी कुणीतरी हातानं परत जोडत बसतंय असं नको.

झोहोत "इनव्हॅलिड क्लायंट" आला तर आधी डेटा सेंटर बघा. भारतातलं खातं डॉट इन वर असतं आणि नेटवरचं उदाहरण जसंच्या तसं उचललं की त्यात डॉट कॉम असतं, मग आयडी बरोबर, सीक्रेट (जोडणाऱ्या ॲपचा पासवर्ड) बरोबर, तरी नाही म्हणतंय. आणि झोहो एका युजरला जास्तीत जास्त २० रिफ्रेश टोकन देतं, एकविसावं काढलं की सगळ्यात जुनं उडतं. टेस्टिंग करताना कुणी सारखं नवीन टोकन काढत बसला की तिकडं चालू असलेलं कनेक्शन गुपचूप मरतं आणि कुणाला काही कळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एंट्रामध्ये (लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारी त्यांची सेवा) नवीन क्लायंट सीक्रेट केलं की दोन रकाने दिसतात, "व्हॅल्यू" आणि "सीक्रेट आयडी". घ्यायची व्हॅल्यू, लोक आयडी कॉपी करतात, आणि पान सोडलं की व्हॅल्यू परत दिसत नाही. पोर्टलवरनं केलेलं सीक्रेट जास्तीत जास्त २४ महिने चालतं, म्हणून ते केलं त्याच दिवशी संपायच्या तारखेच्या महिनाभर आधीचा रिमाइंडर टाकून ठेवा, तोसुद्धा दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये. रीडायरेक्ट यूआरएलबद्दल (परवानगी दिल्यावर परत यायचा पत्ता) एवढंच की अक्षर न् अक्षर जुळायला पाहिजे, शेवटी एक तिरकी रेघ जास्त असली तरी चालत नाही.

सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका

ब्राउझरमध्ये साइट उघडते, कुलूप दिसतं, पण सर्व्हरवरनं जोडायला गेलं की "अनएबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट". इथं बरेच जण कोडमध्ये व्हेरिफाय फॉल्स करून पुढं जातात. तसं केलं की समोर कोण आहे हे बघणंच बंद झालं, मधे कुणीही बसून टोकन वाचू शकतो, मग एचटीटीपीएस असून नसून सारखं.

कारण बहुतेक वेळा साधं असतं. समोरच्या सर्व्हरवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकलंय पण मधल्या संस्थेचं इंटरमीडिएट सर्टिफिकेट टाकायचं राहिलंय. ब्राउझर ते स्वतः कुठनंतरी शोधून आणतो, तुमचा प्रोग्राम आणत नाही. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडनं पूर्ण चेन (सर्टिफिकेटांची साखळी) बघा आणि समोरच्याला सांगा की फुलचेन फाइल टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सर्टिफिकेट हातानं बदलायची सवय आता सोडा. पब्लिक सर्टिफिकेटची मुदत १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस, असं ठरलेलं आहे. आपोआप रिन्यू होणारी व्यवस्था आत्ताच लावून घ्या.

वेबहूक आणि घड्याळ

पेमेंट आलं की गेटवे तुमच्या यूआरएलवर निरोप पाठवतो, त्याला वेबहूक म्हणतात. तो निरोप खरंच गेटवेचा आहे की कुणी खोटा पाठवलाय हे सहीवरनं कळतं. रेझरपे या गेटवेमध्ये ती सही एचएमएसी शा-२५६ ची असते आणि ती वेबहूकच्या सीक्रेटनं तपासायची, एपीआय कीच्या सीक्रेटनं नाही, ही दोन वेगळी आहेत. सही जुळत नाही म्हणून तपासणीच काढून टाकली, तर कुणीही "पेमेंट झालं" म्हणून निरोप पाठवेल आणि तुमचा माल गेटाबाहेर जाईल.

सही का जुळत नाही? निरोप जसा आला तसाच्या तसा तपासायचा असतो. आधी जेसॉन (निरोपातला मजकूर ज्या रचनेत येतो ती) उलगडलं आणि परत बांधलं की मजकूर बदलतो. खास आपल्याकडं होणारा प्रकार म्हणजे ग्राहकाचं नाव मराठीत असलं की परत बांधताना अक्षरांच्या जागी यू आणि आकड्यांचे कोड येतात, आणि मग इंग्रजी नावांचं पेमेंट जमा होतंय, मराठी नावांचं अडकतंय, असं विचित्र दिसतं. आणि तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून इव्हेंट आयडी साठवा, नाहीतर एका पेमेंटच्या दोन पावत्या.

घड्याळाचंही तसंच. टोकनवर वेळ लिहिलेली असते ती यूटीसीप्रमाणं, म्हणजे जागतिक वेळेप्रमाणं. कुणी आपली वेळ तशीच यूटीसी समजून टाकली की टोकन साडेपाच तास भविष्यातलं होतं आणि गूगल "इनव्हॅलिड ग्रँट" म्हणतं. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीनं (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवलेलं ठेवा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशातही ते आहेच, शिवाय लॉग १८० दिवस जपायचे आहेत.

सीक्रेट फुटलं तर

सीक्रेट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, सपोर्टच्या तिकिटातही पेस्ट करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट ॲपची ओऑथ टोकन चोरीला गेली आणि त्यांच्या जोरावर शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्स या सीआरएममधला डेटा बाहेर काढला गेला. चोरांनी पासवर्ड फोडला नाही, कुणाला ओटीपी विचारला नाही, टोकन होतं तेवढं पुरलं. नंतर त्यांनी त्या डेटातल्या सपोर्ट तिकिटांत लोकांनी पेस्ट केलेल्या कीज आणि पासवर्ड शोधले.

कुठं फुटलं असा संशय जरी आला तरी मेसेज डिलीट करून भागत नाही. नवीन सीक्रेट काढा, प्रोग्राममध्ये टाका, चालतंय बघा आणि लगेच जुनं रद्द करा, रिफ्रेश टोकनसकट. गैरवापर चालू आहे असं दिसलं तर मात्र सिंकची वाट बघू नका, आधी जुनं रद्द करा, अर्धा दिवस ऑर्डरी हातानं टाकाव्या लागल्या तरी चालतील. मग त्या युजरचे लॉग काढून कुठल्या आयपीवरनं काय काय वाचलं गेलं ते बघा, आणि खरंच कुणी आत शिरलेलं असेल तर सर्ट-इनला ६ तासांत कळवायचं असतं, सर्ट-इनचा ईमेल पत्ता आजच भिंतीवर लावून ठेवा.