नरकासुराच्या कामट्यांतून बायजी

नरकासुर बांधायचा नि पहाटे जाळायचा, हे आमच्या डिचोलीत लहानपणापासूनचं. गेल्या दिवाळीच्या उरलेल्या कामट्यांतून मी बायजी केली. बायजी म्हणजे चीनच्या यांगत्से नदीतली डॉल्फिन. 2006 साली शोधपथकाने सहा आठवडे नदी पालथी घातली, एकही दिसली नाही.

आकार खराच घ्या, अडीच मीटर. छोटी केली की खेळणं होतं. कामट्या रात्रभर भिजवून वाकवा, सुतळीने बांधा. वर मैद्याच्या खळीत भिजवलेली रद्दी, चार थर. घाई नको, थर सुकू द्या.

खरी कसोटी चोचीची. लांब, अरुंद, टोकाशी जराशी वर वळलेली. माझी पहिली चोच दमट हवेत चक्क लोंबली. आत तार घातली तेव्हा उभी राहिली. डोळे अगदी बारीक ठेवा. गढूळ पाण्यात ती आवाजाच्या प्रतिध्वनीवरच वाट काढायची. पाठ निळसर करडी, पोट पांढरं. अंगाला जुनं जाळं आणि गळांची दोरी गुंडाळा. अशा गळांनीच पुष्कळ मेल्या.

जाळू मात्र नका. वाचनालयात ठेवा, शेजारी मांडवीतल्या पाणमांजरांच्या संरक्षणासाठी देणगीची पेटी. पाटीवर वुहानमध्ये 1980 पासून 2002 पर्यंत पाळलेल्या नराचं नाव लिहा: छीछी. आमची पोरं आधी खो खो हसली. मग एकाने विचारलं, "बावीस वर्षं एकटाच?"