वॉटर कूलिंगचा लूप: क्रम सोडा, तोंडं बघा

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचा पहिला लूप, म्हणजे पंप, नळ्या आणि थंड करायचे भाग यांतून पाणी फिरवणारं बंद चक्र, जोडायला बसलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: पाणी आधी प्रोसेसरला द्यायचं की ग्राफिक्स कार्डला? त्यावर कुणीतरी हमखास सांगतं, की दोघांच्या मधे रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) घाल, नाहीतर कार्डाचं गरम पाणी प्रोसेसरला मिळेल. हा सल्ला ऐकून लोक केसमध्ये नळ्यांचं जंजाळ करून ठेवतात.

साधा हिशेब करा. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ४०० वॉट उष्णता घेऊन ते जेमतेम दीड अंशाने तापतं. लूपमध्ये सगळं मिळून लिटरभर पाणी असतं, म्हणजे मिनिटाला चार फेऱ्या. थोड्या वेळात ते सगळीकडे जवळपास सारखंच गरम होतं. प्रवाह मिनिटाला लिटरभरावर आला तर हाच फरक सहा अंशांच्या आसपास जातो. पण तेव्हा नळी दुमडली आहे का, पंप मंद पडला आहे का ते बघायचं. क्रम बदलून काही होत नाही.

तर जोडणी अशी.

टाकी पंपाच्या लगेच आधी आणि पंपाच्या वर. क्रमाचा पाळायचा नियम एवढा एकच. पंप डी५ जातीचा असो किंवा डीडीसी, आतल्या बेअरिंगला वंगण आणि गारवा दोन्ही पाण्याचाच. कोरडा फिरवलात तर पंप गेला. पंप आणि टाकी एकत्र असलेला संच घेतला असेल तर ही चिंता मिटली. पंपाचं आत-बाहेर मात्र नीट वाचून जोडा.

बाकी सगळं जवळच्या नळीने जवळच्या भागाला.

रेडिएटरला बहुतेक वेळा दिशा नसते, कुठलंही तोंड आत, कुठलंही बाहेर. उभा बसवणार असाल तर तोंडं वर ठेवा, हवा लवकर निघते. तांब्याच्या ब्लॉकबरोबर (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दोन धातू एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

आता ब्लॉक. इथे घाई करू नका.

प्रोसेसरच्या बहुतेक ब्लॉकमध्ये पाणी मधल्या फटीतून थेट चिपच्या डोक्यावरच्या बारीक तांब्याच्या पात्यांवर पडतं आणि दोन्ही बाजूंना फाकून बाहेर जातं. म्हणून त्यावर आत जाण्याची खूण असते. उलटं जोडलं तरी पाणी फिरतं, गळत नाही, आवाज येत नाही. तापमान तेवढं काही अंश जास्त राहतं आणि तुम्ही चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या थर्मल पेस्टला शिव्या घालत बसता.

ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकने मला याहून जास्त छळलं. त्याच्या कडेच्या टर्मिनलला चार भोकं असतात, दोन वर, दोन खाली. नळ्या एका सरळ रेषेत छान दिसाव्यात म्हणून मी उजवीकडच्या वरच्या भोकातून पाणी आत घेतलं आणि त्याच्याच खालच्या भोकातून बाहेर काढलं. गेम सुरू केला की मिनिटभरात कार्ड ८० अंशांच्या वर, आणि पाणी मात्र थंडगार. तीनदा ब्लॉक काढला, पेस्ट बदलली, उष्णता ब्लॉककडे नेणारे पॅड बदलले. शेवटी वैतागून रिकाम्या ब्लॉकच्या भोकात टॉर्च मारला, तर खालून उजेड दिसला. वरचं आणि खालचं भोक म्हणजे एकच आरपार वाट! पाणी चिपला न शिवता सरळ पुढे निघून जात होतं.

म्हणून एका बाजूच्या भोकातून आत, दुसऱ्या बाजूच्या भोकातून बाहेर, उरलेल्या दोघांना बूच. कोणती बाजू आतली ते माहितीपत्रकात दिलं असेल तर तसंच करा. दिलं नसेल तर कोणतीही घ्या. पण आधी टॉर्च मारा. आरपार उजेड दिसला की ती एकच वाट.

पुढेही उपयोगी पडेल म्हणून सांगतो: पाणी थंड आणि चिप गरम असेल तर दोष ब्लॉकमध्ये किंवा तो बसवण्यात. पाणीही गरम असेल तर रेडिएटर, पंखे किंवा प्रवाह बघा. आणि नागपूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत पाणी गरमच राहणार, कारण खोलीपेक्षा थंड पाणी कुठलाही रेडिएटर देत नाही.

सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी लावा.

भरताना मदरबोर्ड, कार्ड आणि प्रोसेसर यांची वीज जोडू नका. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की फक्त पंप चालवता येतो. प्लगमधल्या सगळ्याच तारा काळ्या असतील तर बाजारात तयार जम्पर मिळतो, तो घ्या. फिटिंगखाली, म्हणजे नळ्यांच्या जोडांखाली, टिश्यू पेपर ठेवा, टाकी रिकामी व्हायला लागली की लगेच बंद करा, भरा, पुन्हा चालू करा. बुडबुडे अडकले तर केस हळूहळू सगळ्या बाजूंनी तिरकी करा. एक-दोन दिवसांत टाकीतली पातळी थोडी उतरेल, तेवढं वरून घाला.